हौसेचं दुखणं म्हणे!

घणसोलीच्या एका वाचक मैत्रिणीचा मेल आलाय, बराच मोठा होता, थोडा कापून देतेय.

"ताई, माझं वय ३८, नोकरी ऐरोलीला. दोन मुलं, दोन्ही सिझर. धाकटा चार वर्षांचा झाला तरी पोट काही आत गेलं नाही, उठून बसताना मधोमध उंचवटा यायचा, कंबर कायम धरलेली, डॉक्टर म्हणाले स्नायूंमधे फट पडलीय. शेवटी पगारातून पैसे साठवून टमी टक, म्हणजे पोटाची सैल कातडी काढून स्नायू शिवायचं ऑपरेशन, करून घेतलं. आज नववा दिवस. परवा ड्रेन, म्हणजे आतलं पाणी बाहेर काढायच्या नळ्या, काढले. पण पोट इतकं ओढलं जातंय की सरळ उभंच राहता येत नाही, शिंक आली की डोळ्यापुढे अंधारी. सासूबाई म्हणतात हौसेचं दुखणं आहे, सोसायला नको? शेजारच्या काकू म्हणाल्या पेनकिलरने किडन्या जातात, म्हणून चौथ्या दिवसापासून गोळ्या बंद केल्या, अगदीच असह्य झालं की रात्री दोन-तीन एकदम घेते. बेंबीखाली हात लावला तर काही कळत नाही आणि मधेच करंट लागल्यासारखं होतं. गरम पाण्याची पिशवी घेऊ का? गणपती तीन आठवड्यांवर आलेत, आमच्याकडे दीड दिवसाचा असतो, मोदक मीच करते. ऑफिसात हर्नियाचं ऑपरेशन सांगितलंय. बाकी ठीक. हो, कालपासून डावी पोटरी जरा दुखतेय, झोपून झोपून असेल."

अगं बाई, "बाकी ठीक" च्या नंतरचं वाक्य सगळ्यात आधी लिहायचं होतंस!

मेल वाचला तेव्हा रात्रीचे साडेनऊ झाले होते, मी ताट तसंच ठेवलं आणि तुला लिहिलं की उद्यावर ढकलू नकोस, आत्ताच्या आत्ता सर्जनला फोन कर. तू केलास, त्यांनी लगेच बोलावून पायाची डॉपलर सोनोग्राफी (शिरेतून रक्त नीट वाहतंय ना ते बघणारी) केली, गुठळी नाही निघाली, स्नायूच आखडला होता. जीव भांड्यात पडला माझा. पण हे इथे सगळ्यांसाठी परत लिहितेय कारण वॉर्डात २६ वर्षं सिस्टर म्हणून काढली मी आणि पोटरीचं दुखणं "झोपून असेल" म्हणून सोडून दिलेलं बघितलंय. पोटाचं मोठं ऑपरेशन, त्यात दुखतंय म्हणून बाई अंथरुणातून हलत नाही, मग पायाच्या खोल शिरेत रक्ताची गुठळी होऊ शकते आणि ती सुटून फुप्फुसात गेली तर जिवावर बेततं. एकाच पायाची पोटरी दुखते, सुजते, हाताला गरम लागते, तर त्याच दिवशी डॉक्टर. दम लागला, छातीत दुखलं तर फोनाफोनी करत बसायचंच नाही, थेट १०८. आणि सासूबाई तेल लावून पोटरी चोळून देते म्हणाल्या होत्या ना, तू नको म्हणालीस ते फार बरं केलंस, तपासल्याशिवाय अशी पोटरी चोळायची नसते.

आता तुझं खरं दुखणं. तुझा मेल मी दोनदा वाचला आणि मला सारखं वाटत राहिलं की ही मुलगी गोळ्या किडनीसाठी नाही बंद करत, हिला कुठेतरी वाटतंय की आपण स्वतःच्या पैशाने, स्वतःच्या मर्जीने, पोट कापून घेतलं, मग दुखलं तर बोलायचं कुठल्या तोंडाने. हौसेला मोल नसतं म्हणतात, आपल्याकडे मात्र बाईच्या हौसेचं मोल तिने कण्हत कण्हत चुकवावं अशी अपेक्षा असते. आणि मुळात ही नुसती हौस नव्हतीच. पोटाचे दोन उभे स्नायू गरोदरपणात बाजूला सरकतात, काही जणींचे परत जवळ येतच नाहीत, मग कंबरेचा आधार जातो. ते तू दुरुस्त करून घेतलंस. समजा नुसतं छान दिसायला केलं असतंस तरी टाक्याला काय माहीत? अपेंडिक्सचा टाका असो नाहीतर टमी टकचा, दुखायचं तेवढं दुखतोच. मेडिक्लेमवाले कॉस्मेटिक म्हणून पैसे देत नाहीत म्हणून दुखणं कॉस्मेटिक होत नाही गं.

तुझ्या पोटात काय केलंय ते एकदा समजून घे, म्हणजे घाबरायचं कशाला आणि कशाला नाही ते कळेल. बाहेरून दिसतो तो एका कमरेच्या हाडापासून दुसऱ्यापर्यंतचा लांब काप, आणि तुला वाटत असेल तोच दुखतोय. नाही. आतमधे त्या सरकलेल्या स्नायूंवरचं जाड आवरण वरपासून खालपर्यंत शिवून मधे आणलंय, बरगड्यांच्या खालून ते थेट सिझरच्या जागेपर्यंत, सैल झालेल्या ब्लाऊजला आतून टीप मारतात ना तसं. ते जे ओढल्यासारखं, कोणीतरी पट्टा आवळल्यासारखं वाटतंय ते ह्या आतल्या शिवणीचं आहे. म्हणून तर हसलं, खोकलं, कूस बदलली की ब्रह्मांड आठवतं. पहिले तीन-चार दिवस सगळ्यात वाईट, मग उतार लागतो, दोन आठवड्यांनी माणसात आल्यासारखं वाटतं. तुझा नववा दिवस आहे आणि तू चौथ्यालाच औषध सोडलंस, म्हणजे उतारावर गाडी न्यूट्रल टाकायच्या ऐवजी तू हँडब्रेक ओढून बसलीस.

दुखणं पूर्ण चढल्यावर गोळी घेणं म्हणजे दूध उतू गेल्यावर गॅस बारीक करणं. ओटा पुसावा लागतोच. गोळी पोटात जाऊन काम करायला अर्धा-पाऊण तास घेते, तोवर तू दात आवळून पडलेली, श्वास वरवरचा, मान-खांदे ताठ, त्यामुळे अजून दुखतं, मग चालायला नको वाटतं, मग पोटरी. म्हणून सुरुवातीच्या दिवसांत ठरलेल्या वेळेला घ्यायची असते, दुखो न दुखो, आणि मग डॉक्टर सांगतील तशी हळूहळू कमी करत आणायची. दुखणं शून्य व्हावं म्हणून नाही काही, तुला उठून बाथरूमपर्यंत चालता यावं, नीट खोल श्वास घेता यावा, सलग चार तास झोप लागावी, एवढ्यासाठी.

आता त्या "रात्री दोन-तीन एकदम" बद्दल, हे मला अजिबात आवडलेलं नाही. तू फोटो पाठवलास त्यात तीन पाकिटं आहेत. डोलो ६५०, त्यात पॅरासिटामॉल ६५० मिलिग्रॅम. कॉम्बिफ्लाम, त्यात आयबुप्रोफेन ४०० आणि शिवाय पॅरासिटामॉल ३२५. तिसरी ट्रॅमाडॉलवाली, तिच्यातही पॅरासिटामॉल ३२५ आहेच. तुला वाटतंय तीन वेगळ्या गोळ्या, पोटात गेलं एकच औषध तीन वाटांनी, एका घोटात १३०० मिलिग्रॅम. धडधाकट मोठ्या माणसाला दिवसभरात पॅरासिटामॉल ४००० मिलिग्रॅमच्या वर जायचं नाही, वजन कमी असेल, लिव्हरचा त्रास असेल, जेवण नीट जात नसेल तर डॉक्टर त्याच्याही खूप खाली ठेवतात. जास्त झालं की लिव्हरवर येतं आणि पहिल्या दिवशी काही कळतही नाही. तेव्हा पाकिटाच्या मागची बारीक अक्षरं वाच, चष्मा लागत असेल तर चष्मा लाव पण वाच, आणि एका कागदावर कुठली गोळी किती वाजता ते लिहून फ्रिजवर चिकटव. सर्दीच्या गोळीत पण पॅरासिटामॉल असतं बरं का.

काकूंची किडनीवाली गोष्ट अगदीच हवेतली नाहीये. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक ह्या जातीच्या गोळ्या महिनोन्महिने मनाने खाल्ल्या, किंवा आधीच किडनी, अल्सर, बीपीचा त्रास आहे, किंवा रक्त पातळ करायची औषधं चालू आहेत, तर त्रास होऊ शकतो, काही दमेकऱ्यांना पण चालत नाहीत. पण किडनी बरी असलेल्या बाईने सर्जनने लिहून दिलेल्या थोड्या दिवसांच्या गोळ्या भरल्या पोटी, पाणी भरपूर पिऊन घेतल्या तर तेवढ्याने किडनी जात नाही. तुला गुठळी होऊ नये म्हणून इंजेक्शनं दिली होती का, ती अजून चालू आहेत का, हे सर्जनला विचारूनच ती कॉम्बिफ्लाम सुरू ठेव किंवा बंद कर. मेडिकलवाल्या दादाला नको विचारूस, तो बिचारा देईल काहीतरी. आणि ट्रॅमाडॉल थोडेच दिवस घ्यायची गोळी आहे, त्याने गुंगी येते, मळमळतं आणि पोट साफ होत नाही.

हां, पोट साफ. हे कोणी आधी सांगत नाही. मेलमधे तू लिहिलं नाहीस पण मी उलट विचारलं तेव्हा कबूल केलंस की पाच दिवस झाले. अगं मग अर्धं दुखणं तेच आहे! आतून गॅस ढकलतोय, वरून ऑपरेशननंतर पोटाला बांधायचा तो पट्टा दाबतोय, मधे ती नवी शिवण. आणि जोर करायचा तर मुळीच नाही. सर्जनला आजच सांग, ते एखादं सिरप लिहून देतील, इसबगोल घेणार असशील तर भरपूर पाण्याबरोबर, कोरडं किंवा अर्ध्या कपात कालवून घेतलंस तर उलट घट्ट होऊन बसतं. कमोडवर बसताना पायाखाली मुलाचं ते आंघोळीचं छोटं स्टूल घे, गुडघे जरा वर येतात, जोर कमी लागतो. पपई, मुगाची पातळ खिचडी, ताक. पापड-लोणचं सध्या नको, खारट खाल्लं की सूज अजून चढते.

सरळ उभं राहण्याची घाई कोणी केलीय तुला? सासूबाईंना वाटतंय कुबड येईल. नाही येत. पोटाची कातडी काढून उरलेली ओढून शिवलीय, ती सैल पडेपर्यंत थोडं वाकूनच चालायचं असतं, आठवडा-दोन आठवडे, रोज नखभर सरळ होत. जबरदस्तीने ताठ उभी राहिलीस तर टाक्यावर ताण येतो, आणि वाकून राहिल्याने कंबर दुखते ती वेगळीच, म्हणून दर थोड्या वेळाने टेकून बसायचं. झोपताना सपाट नाही. पाठीमागे दोन उशा, गुडघ्याखाली एक जाड लोड, म्हणजे पोट वरून-खालून दोन्हीकडून सैल पडतं. घरात जुनी कापडाची आरामखुर्ची असेल तर त्याच्यासारखी जागा नाही, फक्त तिच्यातून उठवायला कोणीतरी जवळ हवं, एकटी असताना बसू नकोस, अडकून पडशील.

उठायचं कसं ते वाच आणि आज दोनदा करून बघ. आधी गुडघे दुमडायचे. मग खांदे, कंबर, गुडघे सगळं एकदम, लाकडाचा ओंडका लोटावा तसं, कडेला वळायचं. पाय पलंगाखाली सोडायचे आणि त्याच वेळी खालचं कोपर नि वरचा तळहात गादीवर रेटून वर यायचं. पोटाने काही करायचं नाही, सगळं हातांनी. नवऱ्याला सांग हात धरून ओढू नको, नुसता समोर उभा राहा. वॉर्डातले निम्मे "आई गं" मी ह्या ओढण्यामुळेच ऐकलेत, प्रेमाने ओढतात पण ओढतातच. शिंक-खोकला येतोय असं वाटलं की छोटी उशी पोटाशी दोन्ही हातांनी घट्ट दाबून धरायची. ती उशी आता पंधरा दिवस तुझी, मुलांना खेळायला द्यायची नाही.

गरम पाण्याची पिशवी मात्र नाही म्हणजे नाही! बाळंतिणीला शेक देतात ते वेगळं. बेंबीखालचं तुला काही कळत नाही कारण कातडी उचलताना तिथल्या बारीक नसा कापल्या जातात. एकदा ड्रेसिंग करायला एका बाईंचा पट्टा उघडला तर टाक्याच्या वर रुपयाएवढे तीन फोड, पाणी भरलेले. आदल्या रात्री घरच्यांनी मायेने पिशवी ठेवली होती, ह्यांना चटकाच कळला नाही, उलट म्हणाल्या छान ऊब वाटली सिस्टर. ती जखम भरायला टाक्यापेक्षा जास्त दिवस गेले. बर्फाचं पण तसंच, बधिर जागेवर थेट नको. आणि टाक्यावर हळद-तेल-खोबरेल कसलाही लेप नाही.

करंट मारल्यासारखं, मुंग्या, भाजल्यासारखं होतं ते नसा परत जाग्या व्हायला लागल्या की होतं. भीती वाटते पण बहुतेक वेळा साधंच असतं. बधिरपणा काही महिने राहतो, थोडा भाग कायमचाही राहू शकतो. ह्या नसांच्या दुखण्याला साध्या पेनकिलरचा फार उपयोग होत नाही, झोप उडायला लागली किंवा मांडीच्या बाहेरच्या बाजूला सारखं भाजायला लागलं तर सर्जनला सांग, त्याची गोळी निराळी असते.

पट्टा दिवसभर आवळून ठेवलाय असं लिहिलंस. दोन बोटं आत सहज जायला हवीत. जेवल्यावर छातीत जळजळतंय, श्वास पुरत नाहीये तर तो जास्तच घट्ट आहे, घट्ट बांधल्याने लवकर बरं होत नाही. ह्या दमट हवेत खाली सुती बनियन घाल, सुरकुती राहू देऊ नकोस, एक चुणी रात्रभर रुतली तर सकाळी टाक्यापेक्षा तीच दुखते. सर्जनच्या परवानगीने आंघोळ सुरू झाली असेल तर प्लॅस्टिकच्या स्टुलावर बसून, आणि पावसाळ्यात बाथरूमपासून हॉलपर्यंत ओल्या पायांचे ठसे असतात घरात, घसरलीस तर सगळंच मुसळ केरात.

दुखणं दिवसागणिक उतरायला हवं. संध्याकाळी वाढतं, सूज पण संध्याकाळी वाढते, ते चालतं. पण उतरलेलं दुखणं अचानक एका बाजूला परत चढलं, तिथे लाल-गरम व्हायला लागलं, पू किंवा घाण वास, ताप १०१ च्या वर, टाक्याच्या कडेची कातडी काळपट दिसायला लागली, एक बाजू एकदम फुगली, तर रात्र असली तरी फोन. ड्रेन काढल्यावर कधी कधी कातडीखाली पाणी साठतं, चालताना पोटात पखाल हलल्यासारखं वाटतं, ते सुईने काढतात, बधिर जागा असल्यामुळे फारसं दुखत नाही, पण सांगायला हवं. आणि एक, ऑफिसात हर्निया सांगितलास तो तुझा प्रश्न, तुझी रजा, मला काही म्हणायचं नाही. पण तापासाठी कोपऱ्यावरच्या डॉक्टरकडे गेलीस तर तिथे हर्निया सांगू नकोस.

ऐरोली दोनच स्टेशनं असली तरी सकाळच्या ठाणे-वाशी लोकलमधे पोटात एक कोपर बसायला दोन सेकंद लागतात. पुढचे दोन आठवडे घरून काम मिळतंय का बघ. स्कूटीचं तर नावच काढू नकोस, आपल्याकडच्या रस्त्यांवर खड्डा आणि स्पीडब्रेकर ह्यात फरक उरलेला नाही. कारने गेलीस तर बेल्ट आणि पोटाच्या मधे तीच उशी.

मोदक. चतुर्थीला तुझा साधारण एक महिना झालेला असेल. सहा आठवडे जड उचलायचं नाही, चार-पाच किलोच्या वर काही नाही, म्हणजे मूर्ती नाही, पाण्याची कळशी नाही, मोदकपात्र भरून गॅसवर चढवणं नाही. उकड मळणं पण नाही, वाटतं हातांचं काम पण गरम उकड मळताना सगळा जोर पोटातून येतो, स्वतः मळलीयेस तर आठवून बघ. उकड दुसऱ्या कोणी मळायची, खाली मांडी घालून नाही तर डायनिंग टेबलशी खुर्चीत बसून तू फक्त कळ्या पाडायच्या. त्यात तुझा हात आहे ना, मग तेवढंच. सासूबाईंना सांग उकड तुमची. मी त्यांच्यावर फार चिडणार नाहीये, कारण तुझ्याच मेलमधे आहे की पहाटे सहाला पेज करून तुझ्या उशाशी त्याच ठेवतात. त्यांच्याही दोन बाळंतपणांनंतर पोट सुटलं असेल, कंबर धरली असेल, आणि तेव्हा त्यांना कोणी विचारलं पण नसेल. एकदा तू विचारून बघ. शेजारच्या काकूंना मात्र चहा देऊन लवकर वाटेला लाव.

धाकटा मांडीवर चढायला बघतो म्हणालीस, चार वर्षांचा म्हणजे पंधरा-सोळा किलो असेलच. उचलायचा नाही, पण त्याला सोफ्यावर तुझ्या शेजारी स्वतःहून चढायला शिकव, बाजूने बिलगला तर चालेल, मधे उशी ठेव, तिला आईची ढाल म्हण, मुलांना असलं काहीतरी आवडतं.

परवा फॉलोअप आहे ना, तर नवऱ्याला आत घेऊन जा, बाहेर मोबाईल बघत बसू देऊ नकोस. फ्रिजवरचा तो कागद आणि गोळ्यांची सगळी पाकिटं पिशवीत घालून ने, आणि सर्जनने "कसं वाटतंय" विचारलं की ठीक म्हणू नकोस.